पुनारामची दुसरी वेलांटी

कटंगीच्या पुनाराम मेश्रामचा आजा विणकर होता, बाप विणकर होता, आणि नागपूरच्या जुन्या सरकारच्या कागदातही तसंच लिहिलेलं होतं. छप्पन साली राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या, तेव्हा नागपूर एका बाजूला गेलं आणि बालाघाट दुसऱ्या बाजूला राहिलं. माणसं जागच्या जागीच होती, कागद मात्र हिंदीत गेले. तिकडे जाताना वाटेत 'व'चा 'ब' होतो, आणि 'ण'ला तर तिकडे कुणी फारसं विचारत नाही. असा पुनाराम विणकराचा 'बिनकर' झाला. पुढे कुण्या टायपिस्टाने उदार होऊन एक काना दिला आणि जिल्ह्याच्या यादीत 'बिनकार' झालं. इतकं होऊनही पुनारामचं काही बिघडलं नाही, कारण मागावर बसायला माणसाला स्वतःचं नाव वाचावं लागत नाही.

बिघडलं ते सहासष्ट साली. त्याची बायको शेवंताबाई आजारी पडली. तुमसरला तिच्या बहिणीकडे राहून डॉक्टरचं औषध चाललं. पुनारामही तिथेच राहिला आणि घरी माग सात महिने चादरीखाली झाकून पडला. शेवंताबाई बरी होऊन दोघं परत आली, तर विणकर सोसायटीच्या रजिस्टरातून पुनारामचं नाव कापलेलं. नियम असा, की ज्याचा माग सहा महिने बंद तो विणकर नव्हे. नाव नाही तर सूत नाही, आणि सूत नाही तर माग म्हणजे घरातली एक मोठी खाट, जिच्यावर झोपताही येत नाही.

सोसायटीचा मुनीम बाबूलाल हा दुष्ट माणूस नव्हता. त्याने पुनारामला बसवलं, बिडी दिली आणि समजावून सांगितलं.

"तू बिनकर आहेस हे मले मालूम आहे बे. पण मले मालूम असून काय उपेग? कागदाले मालूम पायजे."

म्हणजे जिल्ह्याहून शिक्क्याचा कागद हवा, की हा इसम बिनकर आहे. पुनारामने तीन अर्ज केले. तिन्हींचं उत्तर आलं नाही. चौथ्याची तयारी चालली होती, तेवढ्यात सदुसष्टच्या जानेवारीत बालाघाटहून आपण होऊन एक पत्र आलं. पत्र हिंदीत, छापील, आणि वर सोनेरी रंगात एक मोरासारखं काहीतरी होतं.

पुनाराम ते घेऊन शाळेच्या सुखराम गुरुजींकडे गेला. गुरुजींनी दोनदा वाचलं. संगीत समारोह तीन दिवसांचा आहे. आपल्यासारख्या प्राचीन बीनकाराने साजासह यावं. राहण्याची सोय होईल. शेवटी मोठ्या साहेबांच्या हस्ते प्रमाणपत्र दिलं जाईल. गुरुजींनी अर्थ लावला तो असा: बीनकार म्हणजे तूच, वेलांटी चुकली आहे, साज म्हणजे सामान, प्रमाणपत्र म्हणजे तुझा कागद.

"अन् हे संगीत काहून लिवलं आहे?" पुनारामने विचारलं.

"सरकारात आता कोन्त्याही कामाले गानं-बजावनं असते. पंधरा ऑगस्टले नसते काय?"

हे पटण्यासारखं होतं. 'प्राचीन' या शब्दाचं मात्र पुनारामला थोडं वाईट वाटलं. त्याचं वय त्रेचाळीस होतं.

अख्खा माग गाडीत घालून नेणं शक्य नव्हतं. त्याने आडवं सूत नेणारा धोटा घेतला, सूत गुंडाळलेल्या चार कांड्या घेतल्या आणि फणी घेतली. फणी म्हणजे मागाचा कंगवा. बांबूच्या बारीक काड्या शेकड्याने दाटीवाटीने बसवलेली चौकट, जिच्या फटीफटीतून ताण्याची, म्हणजे उभ्या सुताची, एकेक तार जाते. कापड उतरलं तरी विणकर फणीतली जुन्या तारांची टोकं काढून टाकत नाही. नव्या ताण्याची प्रत्येक तार जुन्या टोकाला सांधली की पुन्हा ओवत बसावं लागत नाही. म्हणून पुनारामच्या फणीतून हातभर लांबीची शेकडो सुतं दोन्हीकडे लोंबत होती. शेवंताबाईने ती फणी आपल्या जुन्या लुगड्यात गुंडाळून दिली आणि साहेबासमोर कमी बोला, असं सांगितलं.

छोट्या लायनीच्या गाडीने तो बालाघाटला उतरला, तेव्हा एका शाळेच्या मैदानावर मांडव घातलेला होता आणि आतून कुणीतरी गळा साफ करत असल्याचा आवाज येत होता. तो अर्धा तास चालला. पुनारामला वाटलं, माणसाला खोकला झाला असावा. पण समोर दोनशे माणसं बसून माना हलवत होती.

या समारोहाचे मंत्री, म्हणजे चिटणीस, घनश्याम बाबू. कचेरीत मोठे कारकून, आणि घरी जुन्या ग्रंथांनी भरलेल्या दोन खोल्या. सगळं चांगलं जे काही होतं ते होऊन गेलं आहे, अशी त्यांची श्रद्धा होती आणि उरलेसुरले तुकडे गोळा करणं हे त्यांनी आयुष्याचं काम ठरवलं होतं. समारोहासाठी त्यांनी एका कारकुनाकडून जिल्ह्यातल्या बीनकारांची, म्हणजे बीन नावाची थोरली वीणा वाजवणाऱ्यांची, यादी मागवली. कारकुनाने हातमागाच्या फायलीतून, जिथे टायपिस्टाचा काना पडला होता, ती अकरा नावं उतरवून दिली. सगळ्या देशात बीन वाजवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेले असताना एकट्या बालाघाट जिल्ह्यात अकरा निघाले, हे पाहून घनश्याम बाबूंना आनंद झाला. आश्चर्य मात्र वाटलं नाही. या मातीबद्दल त्यांना आधीपासूनच तसा संशय होता. अकराही जणांना पत्रं गेली. दहा जण आले नाहीत, कारण त्यांची नावं सोसायटीच्या रजिस्टरात शाबूत होती आणि त्यांना कागदाची गरज नव्हती.

पुनारामने लुगडं सोडून फणी टेबलावर ठेवली. घनश्याम बाबू तिच्याकडे बघत राहिले. त्यांनी लोंबणाऱ्या तारा मोजायला सुरुवात केली आणि शंभराच्या पुढे गेल्यावर चष्मा काढून पुसला. जुन्या ग्रंथांत शंभर तारांच्या वीणेचं नाव येतं. ती कुणी पाहिलेली नाही. पुनारामला त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, की ही अजून वापरात आहे का. पुनाराम म्हणाला, वर्ष होत आलं, बंद आहे जी, तेच तर सांगायला आलो.

मग बाबूंनी वही उघडली आणि विचारलं, "आपका घराना?"

पुनारामने मनात म्हटलं, आलं. चांगल्या कपड्यातला माणूस घराणं विचारतो तेव्हा त्याला काय विचारायचं असतं, हे त्याला बापाच्या वेळेपासून माहीत होतं. बाप या प्रश्नाला खाली बघून उत्तर द्यायचा आणि दोन पावलं मागे सरायचा. पुनाराम खालीही बघत नसे आणि मागेही सरत नसे. त्यासाठीच तर तो आणि शेवंताबाई नागपूरला जाऊन आले होते.

"बौद्ध," तो म्हणाला.

घनश्याम बाबूंची लेखणी थांबली. "बौद्ध घराना," ते पुटपुटले. "कब से?"

"छप्पनपासून."

"छप्पन पीढ़ियों से," घनश्याम बाबू म्हणाले आणि त्यांनी ते वहीत लिहून खाली रेघ मारली. मग ते उठले, स्वतः जाऊन स्वतःच्या कपबशीत चहा घेऊन आले आणि पुनारामच्या हातात दिला.

दहा वर्षांत हे उत्तर दिल्यावर पुनारामने बऱ्याच गोष्टी होताना पाहिल्या होत्या. चहा येताना पाहिला नव्हता. तो गोंधळून उभ्या उभ्या प्याला आणि कप सवयीने धुवायला निघाला, तर बाबूंनी तो हातातून काढून घेतला. तिथून पुढे पुनारामला काहीच समजेनासं झालं.

वाद्यं बनवणाऱ्या कारागिरांसाठी एक वेगळी कनात होती, तिथे त्याची सोय झाली. फणी एका लाल कापडावर ठेवली गेली आणि तिच्यासमोर पुठ्ठ्यावर काहीतरी लांबलचक लिहिलं गेलं. पहिला दिवसभर लोक येऊन फणीला नमस्कार करून गेले. एका बाईने कांडीवर फूल ठेवलं. पुनाराम स्टुलावर बसून सगळ्यांना सांगत होता, की मी बिनकर, कटंगीचा बिनकर. लोक म्हणत, हो, हो, दिसतंच आहे.

शेजारी मिरजेहून आलेला एक म्हातारा तंबोरे मांडून बसला होता. सगळे त्याला मिरजवाले चाचा म्हणत. त्याची मराठी पुनारामला निम्मी कळे आणि पुनारामची त्याला निम्मी, पण निमे-निमे मिळून तीन दिवस निघण्यासारखे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा एक तंबोरा मांडीवर घेऊन चिडलेला दिसला. तार छेडली की ती नुसती 'टण' करी आणि गप्प बसे. चाचाने सांगितलं, की तंबोऱ्याच्या घोडीवर, तारेच्या खाली, सुताचा एक बारीक तुकडा सरकवावा लागतो. तो नेमका बसला तरच तार गुंजते. त्या सुताचं नाव जीव. त्याची सुताची डबी गोंदियाला गाडी बदलताना राहून गेली होती आणि बाजारातल्या रिळाचा दोरा काही कामाचा नव्हता.

"ह्यो दोरा निसतो गुळगुळीत," चाचा म्हणाला. "ह्येच्यात जीव न्हाई."

पुनारामने रिळाचा दोरा बोटात फिरवून पाहिला आणि त्याला चाचाचं म्हणणं दोन दिवसांत पहिल्यांदाच पूर्ण कळलं. तो फणीपाशी गेला, लाल कापडासमोरच्या भाविकांची माफी मागितली आणि कडेची एक तार ओढून काढली. भाताची खळ लावून ताठ केलेलं चाळीस नंबरचं सूत. चाचाने ते दातांनी तोडलं, चारही तारांखाली एकेक तुकडा घातला, मागेपुढे सरकवला आणि बोट फिरवलं.

कनातीतली माणसं बोलायची थांबली. आवाज तंबोऱ्यातून येत होता की चहूकडून, ते पुनारामला सांगता येईना. ताणा नीट ताणला आहे की नाही हे तो रोज हाताने दाबून बघायचा, तसं काहीतरी कुणीतरी कानाने दाबून बघत होतं.

चाचाने डोळे उघडले आणि त्याच्याकडे नीट बघितलं. "पाव्हणं, तुम्ही कापड विणता व्हय?"

"हौ. तेच तं दोन दिवस झाले सांगून राह्यलो."

"आन् मग हितं कशापायी?"

पुनारामने रजिस्टर, सहा महिने, शेवंताबाई, शिक्का असं सगळं सांगितलं. चाचाने ऐकून घेतलं. मग त्याने पुनारामला ही जत्रा गाण्याची आहे, विणण्याची नव्हे, आणि इथे बीनकार कशाला म्हणतात, ते फोड करून सांगितलं. पुनारामला बाबूंची कपबशी आठवली. म्हणजे तो चहा दुसऱ्याच कुणाचा होता.

त्याला पहिल्यांदा वाटलं, फणी गुंडाळावी आणि दुपारची गाडी धरावी. पण कागद उद्या मिळणार होता आणि कागदाशिवाय घरी जाऊन करायचं काय, हेही त्याला माहीत होतं. शेवंताबाई बरी झाल्यापासून रोज एकदा मागावरची चादर झटकून पुन्हा घालत असे. खोटं बोलून कागद घ्यायचा तर तो पुढे आयुष्यभर खोट्या कागदावर विणत बसला असता. त्याने ठरवलं, सगळं खरं सांगून टाकायचं. मग द्यायचा तर द्या.

"सांगा की," चाचा म्हणाला. "म्यापण दोन दिस सांगतुया, की कोपऱ्यातला त्यो भोपळा नुसता वाळवायला ठेवलाय. त्येला हार घालत्यात."

पुनाराम घनश्याम बाबूंकडे गेला आणि म्हणाला, मी तो बीनकार नाही, मी बिनकर आहे. बाबूंनी ऐकलं, की मी तो बीनकार नाही, मी बीनकर आहे, म्हणजे थोर कुणी नव्हे, नुसता वाजवणारा, आणि त्यांना ही नम्रता जुन्या घराण्यांना शोभण्यासारखी वाटली. त्यांनी सांगितलं, की साहेब उद्या दुपारी येत आहेत, जे काही असेल ते मंचावरच व्हावं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पुनारामला मंचावर बसवलं गेलं. फणी पुढ्यात, तिच्यापुढे मायक्रोफोन. मागे एक गवई पुढच्या गाण्यासाठी चाचाचा तंबोरा जुळवत होता. पहिल्या रांगेत साहेब होते. ते उत्तरेकडचे, त्यांना मराठी येत नव्हती. घनश्याम बाबूंनी पाच मिनिटं भाषण केलं, त्यात छप्पन हा आकडा सात वेळा आला. मग साहेब स्वतः हसून म्हणाले, "कुछ सुनाइए."

तीन दिवसांत पुनारामला नीट कळलेला हा पहिला हुकूम. ऐकवा. साहेबाने गाऱ्हाणं ऐकवायला सांगितलं होतं. शेवंताबाईने कमी बोला म्हटलं होतं, म्हणून त्याने कमीच सांगितलं.

"साहेब, माहं नाव पुनाराम. मी कपडा विनतो, मले वाजवता येत नाही. हे बाजा नोहे, हे फनी आहे. माही बायको बिमार होती म्हून सात महिने माग बंद होता. माग बंद पडला तं मानूस बिनकर राह्यत नाही, असं सोसायटी म्हनते. मंग उन्हाळ्यात शेतकरी कोन असते साहेब? माहं नाव कापलं. ते मले वापस पायजे."

मागे तंबोरा गुंजत होता. तो त्याच्याच सुतावर गुंजत होता, म्हणून असेल, पण पुनारामचा आवाज एकदाही अडखळला नाही. साहेबांनी घनश्याम बाबूंकडे पाहिलं. बाबू ग्रंथांतली मराठी जाणत. ही मराठी ग्रंथांत नव्हती. त्यांनी उभं राहून अर्थ सांगितला, की कलाकार म्हणतात, पत्नीच्या आजारपणामुळे त्यांनी सात महिने वादनाचा त्याग केला आहे, म्हणून आज वीणा मौन राहील. आपली वीणा ही वीणा नसून केवळ फणी आहे आणि आपण वस्त्र विणणारे एक सामान्य जन आहोत, असं ते विनयाने म्हणतात.

मग टाळ्या सुरू झाल्या. साहेब उभे राहिले, म्हणून सगळा मांडव उभा राहिला. दोन-चार बाया डोळे पुसत होत्या. पुनाराम हात जोडून बसला होता आणि नाव कापलं म्हणून लोकांना एवढा आनंद का झाला, याचा विचार करत होता.

प्रमाणपत्र साहेबांच्या हातून मिळालं. शिक्का गोल, निळा, स्पष्ट. कनातीत येऊन त्याने ते चाचापुढे धरलं आणि विचारलं, हे घेऊ की वापस देऊ.

"तुम्ही खोटं बोललासा?"

"नाही बाप्पा."

"कागुद काय म्हणतोय?"

"बीनकार. तिकडच्या मास्तरनं वाचून दाखवलं."

चाचा तंबोऱ्यावर गवसणी चढवत होता. "सतारीचा पडदा गव्हाच्या दाण्याएवढा सरकला तर सूर बदलतोय," तो म्हणाला. "पर त्ये ऐकायला कान लागत्यात. तुमच्या सोसायटीला हायत व्हय?"

कटंगीला बाबूलालने कागद खिडकीपाशी नेऊन वाचला. नाव बरोबर, गाव बरोबर, शिक्का उत्तम. 'घराना बौद्ध, छप्पन पीढ़ी' इथे तो जरा थांबला, पण जातीचा रकाना सरकारने आता असा भरायला सांगितला असेल, असं त्याने स्वतःशी ठरवलं. 'बीनकार' या शब्दापाशी मात्र तो बराच वेळ अडला.

"वेलांटी दुसरी देल्ली आहे."

पुनारामने सुरुवातीपासून सगळं सांगायला घेतलं, की तो गाण्याचा समारोह होता, मी त्यांना सांगितलं, पण ते... बाबूलालने हात वर करून त्याला थांबवलं.

"हे पाह्य, जिल्ह्याची चूक आपन सुधरवत नसतो. जिल्ह्यानं देल्ली आहे तं तेच बरोबर असन."

आणि त्याने रजिस्टरात पुनारामचं नाव नव्याने लिहिलं, दुसऱ्या वेलांटीसकट. त्या दिवसापासून कटंगीच्या सोसायटीत एक्केचाळीस बिनकर आणि एक बीनकार आहे. सूत बेचाळिसांना सारखंच मिळतं.

आठवड्याने माग सुरू झाला. नव्या ताण्याच्या तारा जुन्या टोकांना सांधताना पुनारामने कडेची मोकळी जागा पाहिली नाही की पाहून सोडली, हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. शेवंताबाई कांड्या भरत बाजूला बसली होती. वीतभर लुगडं विणून झालं, तेव्हा काठाजवळ एक बारीक उभी रेघ तिला दिसली.

"एक तार कमी आहे जी."

"हौ. ते मिरजेले गेली."

"मिरजेले? काहून?"

पुनारामचे पाय मागाखालच्या पावड्यांवर थांबले. तंबोरा, जीव, गोंदियाची डबी, भोपळ्याला हार, बाबूंची कपबशी. कुठून सुरुवात करावी हे त्याला ठरवता येईना.

"तिथं ते गाते," तो म्हणाला आणि धोटा फेकला.

शेवंताबाईने त्याच्याकडे बघितलं, पुन्हा त्या रेघेकडे बघितलं, आणि तुमसरच्या डॉक्टरची चिठ्ठी घरात कुठे ठेवली आहे ते आठवू लागली.